गोडोलीत अंगणासाठी माती मागवायची आहे : किती, कुठली, कशी पारखायची?

गोडोलीकरीण

नमस्कार मंडळी. साताऱ्यात गोडोलीला घर बांधून झालं, राहायलाही आलो. आता अंगणाकडे वळायचंय. समोर २० बाय १२ फूट जागा हिरवळीसाठी ठेवली आहे आणि मागे १० बाय १२ मध्ये भाजीचे वाफे करायचेत. खाली सगळा मुरूम, अजिंक्यताऱ्याच्या उताराला असतो तसा. वर बांधकामातून राहिलेला राडारोडा: खडी, सिमेंटची ढेकळं, प्लास्टरचा चुरा.

मातीची चौकशी केली. एक जण म्हणतो पाच ब्रास लाल माती टाकून देतो. ट्रॅक्टरवाले दादा काळी देतो म्हणतात, "उसाच्या रानातली आहे वहिनी, खतसुद्धा घालायला लागायचं नाही." तिसऱ्याचं म्हणणं, भरणीच करायची तर कुठली का असेना. दर तिघांचे तीन.

मला दरापेक्षा दुसरीच काळजी आहे. माती एकदा पसरली की उचलून परत देता येत नाही. मग घेण्याआधी नेमकं काय बघायचं? पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचं आहे, पण तेवढा वेळ हातात आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, आधी हिशोब करू, कारण पाच ब्रास तुम्हाला लागतच नाही.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हिरवळीला सहा इंच चांगली माती पुरते. २० गुणिले १२ गुणिले अर्धा फूट, झाले १२० घनफूट. भाजीला एक फूट धरा, १० गुणिले १२ गुणिले १, आणखी १२०. एकूण २४० घनफूट, म्हणजे २.४ ब्रास. मोकळी माती पाणी पडल्यावर दबते, तिच्यासाठी वीस टक्के वाढवा. साधारण पावणेतीन-तीन ब्रास भर लागेल. त्यातला पाव हिस्सा शेणखताचा असणार. म्हणजे विकतची माती फक्त दोन-सव्वादोन ब्रास. ट्रॅक्टरच्या दोन मोठ्या खेपा.

आता माप. ट्रॉलीला सरसकट 'एक ब्रास' म्हणायची पद्धत आहे, ती मानू नका. टेप घेऊन हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि माती भरलेली उंची मोजा. १० बाय ६ चा हौदा दीड फूट भरला असेल तर ती ९० घनफूट होते, शंभर नव्हे. वर शीग दिसते ती मधोमधच असते, कडेला माती फाळक्याच्या खालीच असते. मोजायचं ते रिकामं करण्याआधी, ड्रायव्हरच्या समोर. कोणी रागावत नाही, उलट पुढची खेप नीट भरून येते.

दर ठरवताना मातीचे किती, भरणावळ किती, वाहतूक किती आणि आत नेऊन पसरायचे किती, हे वेगवेगळं विचारा. पुष्कळ वेळा माती स्वस्त असते आणि गेटपासून मागच्या अंगणापर्यंत घमेल्यांनी वाहायची मजुरीच जड जाते. मागे जायला बोळ आहे का? असेल तर त्याची रुंदी आत्ताच मोजून ठेवा.

आणि एक गोष्ट कृपया विसरू नका. घराच्या भिंतीलगत माती जोत्याच्या वर चढवू नका. जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे आणि उतार घरापासून बाहेर हवा. नाहीतर ओल थेट भिंतीत चढते, आणि ओलीमागून वाळवी येते. नव्या घरांत दोन पावसाळ्यांत आतला रंग सुटतो त्यातली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. लोक गळतीचा दोष स्लॅबला देतात, दोष बाहेरच्या वाफ्याचा असतो.

गोडोलीकरीण

काका, मनापासून आभार. बोळ साडेतीन फुटांचा आहे, म्हणजे घमेलीच. पाचाची सव्वादोन ब्रास झाली हे वाचूनच हलकं वाटलं. मग उरलेल्या पैशांत चांगली माती घेता येईल. पण चांगली म्हणजे कुठली?

वाळव्याचा_शेतकरी

ताई, लाल का काळी हा प्रश्न मागाहून. आधी विचारा, माती कुठल्या गटातली आहे, त्या रानात काय पीक होतं आणि किती खोलीची काढली. ह्या तीन प्रश्नांची उत्तरं जो देत नाही त्याची ट्रॉली दारात घेऊ नका.

खोली का विचारायची ते सांगतो. रानाची वरची वीतभर माती जिवंत असते. कुजलेला पालापाचोळा, मुळ्या, गांडुळं, सगळं त्या थरात. त्याच्या खाली गेलं की नुसती चोपण (घट्ट, चिकट माती) किंवा चुनखडी लागते. शहरात कुणाच्या बंगल्याचा पाया खणला, विहीर खणली, की ती माती 'बागेची माती' म्हणून फिरते. दिसायला मऊ, रंगाला छान, पण दहा फुटांखालची. तिच्यात काही उगवायला दोन-तीन वर्षं शेणखत ओतावं लागतं.

आता उसाच्या रानाबद्दल. आम्ही ऊसवाले तणनाशकं मारतो, ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन, २,४-डी. उसाला त्याचं काही होत नाही. पण ॲट्राझीन जमिनीत काही महिने राहतं आणि मेथी, पालक, वांगी, टोमॅटो असल्या रुंद पानांच्या रोपांना ते मारतं. 'ऊस झोकात आला होता' हे ऐकून माती घेऊ नका. शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा.

दुसरं, लव्हाळा. उसाच्या आणि भाताच्या रानात असतोच. जमिनीत त्याच्या काळ्या गाठी असतात, त्यालाच नागरमोथा म्हणतात. एका गाठीपासून माळ तयार होते. एकदा तुमच्या हिरवळीत शिरला की खुरपून जात नाही, वरचं पातं तुटतं आणि गाठ खाली तशीच. हराळी एक वेळ परवडली. तिसरं, हुमणी. पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वाकडी अळी, तोंड तपकिरी. मुळं खाते. मातीबरोबर येते आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर तर हमखास येते.

द्राक्षबागेतली किंवा टोमॅटोच्या रानातली माती कुणी देत असेल तर आणखी जपा. तिथे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी असतात. जुन्या द्राक्षबागेत वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारलेलं असतं, त्यातलं तांबं मातीतच साठून राहतं.

सगळ्यात चांगली माती कुठली म्हणाल तर पडीक किंवा ज्वारी-हरभऱ्याच्या रानाची वरची माती, नाहीतर नदीकाठचा पोयटा.

हरिपूरकर

दादांच्या पोयट्याच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. सांगलीत पोयटा म्हणून सरसकट काठाची कुठलीही माती विकली जाते. कृष्णाकाठचं पुष्कळ रान जादा पाण्यामुळे क्षारपड झालेलं आहे. मिरज, पलूस, वाळवा तिन्ही तालुक्यांत. अशा रानातून पीक निघत नाही म्हणून मालक माती विकायला तयार होतो, आणि ती तुमच्या वाफ्यात येते. उन्हाळ्यात रानावर पांढरा फेस धरल्यासारखा थर दिसतो ती खूण. ट्रॉलीत भरल्यावर मात्र काही कळत नाही.

पुराच्या गाळाचंही तसंच. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्यानंतर घराघरांतून गाळ निघाला, तो कुंड्यांत भरून लोक मोकळे झाले. शेतात बसलेला गाळ वेगळा आणि शहराच्या गटारांतून फिरून आलेला गाळ वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या गाळात भाजी लावू नये.

आमच्या गावच्या मातीचं एक सांगावंसं वाटतं. हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे खोल खड्डे होते. माती इतकी घट्ट की पेवात हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. २००५ च्या पुरात बरीच पेवं निकामी झाली. हळदीला ती माती सोन्यासारखी, पण कुंडीला घातली की पाणी वर तुंबतं आणि मुळं सडतात. म्हणून 'कुठली माती चांगली' विचारताना कशासाठी हवी तेही सांगायला हवं.

गच्चीवरची_बाग

माझी विश्रामबागला गच्चीवर भाजी आहे. गच्चीवर थेट एक फूट मातीचा वाफा करायचा विचार आहे. हीच माती चालेल का?

निवृत्त_ओव्हरसियर

मातीचा प्रश्न नंतर, आधी वजनाचा. एक फूट जाडीची भिजलेली माती दर चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. घरगुती गच्चीचा स्लॅब साधारण दीडशे किलो दर चौरस मीटर, म्हणजे चौरस फुटाला चौदा-पंधरा किलो वापराचा भार धरून केलेला असतो. तिपटीच्या वर गेलात. थेट वाफा अजिबात करू नका. कुंड्या, पिशव्या ठेवायच्या तर तुळया आणि खांबांच्या रेषेवर, आणि त्यांत माती कमी, कोकोपीट, पाचोळा आणि कंपोस्ट जास्त. मोठं काही करायचं असेल तर घर ज्यांनी डिझाइन केलं त्या इंजिनीअरला दाखवून मगच.

कास_रोडवाला

लाल मातीचं कुणीच बोललं नाही. लाल माती निचऱ्याला उत्तम, मोगरा, गुलाब, जास्वंद खूश असतात. पण तिच्यात अन्न कमी आणि पाणी धरून ठेवत नाही, उन्हाळ्यात रोज पाणी. शिवाय जरा आंबट असते. काळी उलट: अन्न आणि पाणी धरते, पण पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. चुनखडीची काळी असली तर मोगऱ्याची, लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक खत वाढवतात, पण कमतरता लोहाची असते.

मला मनापासून सांगायचं आहे ते वेगळंच. साताऱ्यात 'लाल माती, एक नंबर' म्हणून जी येते ती कुठल्या डोंगराची आहे हे विचारा. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. ह्या भागातल्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो आणि पावसाळ्यातली ती सगळी फुलं त्या बोटभर मातीवर येतात. तिथली एक ट्रॉली कमी झाली तर ती आपल्या हयातीत भरून येणार नाही. आपल्या अंगणातल्या जास्वंदीसाठी असं होऊ नये. कुंडीपुरती लाल माती लागलीच तर नर्सरीतून पिशवी घ्या आणि तिथेही हाच प्रश्न विचारा.

वाळव्याचा_शेतकरी

कास रोडवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. आणि शेताच्या मातीलाही तेच लागू आहे. अडचणीत असलेला शेतकरी वरची वीतभर माती विकतो आणि पुढची कैक वर्षं त्याच रानात पीक येत नाही. म्हणून मी म्हणतो, लागेल तेवढीच घ्या. पाचाची सव्वादोन झाली ते फार बरं झालं.

कराडची_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात. भरावाची माती हे गौण खनिज आहे. परवानगी आणि स्वामित्वधन, म्हणजे बोलीभाषेत रॉयल्टी, भरल्याशिवाय उत्खनन आणि वाहतूक करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) प्रमाणे बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होतं. २०१३ चे गौण खनिज नियमही आहेत. माती विकत घेताना वाहतूक परवाना मागा आणि त्यावरचा वाहन क्रमांक, तारीख ताडून पाहा. पावती घरी जपून ठेवा. रात्री उशिरा माती टाकून देतो म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या.

धरणातल्या, तलावातल्या गाळाबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून लिहिते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे, पण तो गाळ शेतासाठी आहे. कुणी योजनेतला गाळ बंगल्यांना विकत असेल तर त्यात पडू नका.

गोडोलीकरीण

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी स्वतः जाऊन माती बघितली. ट्रॅक्टरवाले दादा भले निघाले, "चला, दाखवतोच" म्हणाले. माहुलीच्या बाजूला रान आहे. उसाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) काढलेला. मी बांधाजवळचं एक ढेकूळ उचललं आणि फोडलं. आत हरभऱ्याएवढ्या काळ्या गाठी, एकीला दुसरी बारीक दोऱ्याने जोडलेली, आणि एकीतून पांढरा टोकदार कोंब निघालेला. वासही आला, नागरमोथ्याचाच, उटण्याला येतो तो. दादांना दाखवलं. त्यांनी स्वतःच सांगितलं, "ही नको मग तुम्हाला."

मग त्यांनी पलीकडचं दुसरं रान दाखवलं, त्यांच्या चुलत्यांचं. रब्बीला ज्वारी, त्याआधी सोयाबीन. घराकडे जायचा रस्ता रुंद करताना वरची माती काढून बाजूला ढीग लावला आहे, ती तशीही हलवायचीच आहे. ती मला आवडली, पण आवडून उपयोग काय, तपासायची कशी? थोडी पिशवीत घेऊन आले आहे.

गच्चीवरची_बाग

काचेच्या बरणीचा प्रयोग करा. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर भांड्याचा साबण, खूप हलवून ठेवून द्या. रेती मिनिटाभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते. तीन थर दिसतात, पट्टीने मोजता येतात. वरचा चिकण थर निम्म्याहून जास्त असेल तर शेणखताचं प्रमाण वाढवा. दोन घमेली वाळू घालून चिकण माती सुटत नाही, उलट कडक होते.

वाळव्याचा_शेतकरी

आणि ढिगाच्या तीन-चार ठिकाणची माती एकत्र करून कुंडीत मेथी टाका. शेजारी तुमच्या ओळखीच्या चांगल्या मातीची दुसरी कुंडी. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. दहा-बारा दिवस बघा. तणनाशक असेल तर उगवते, पण पानं कडेने पिवळी पडून करपतात. दोन्ही कुंड्या सारख्या आल्या तर डोळे झाकून घ्या. ढेकळावर हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूम धुवायचं ॲसिड दोन थेंब टाका, हातमोजे घालून. फसफसलं तर चुनखडी आहे. थोडी असली तर भाजीला चालते, मोगऱ्याला आणि लिंबाला वेगळा खड्डा करा.

शक्य असेल तर अर्धा किलो माती तपासायला द्या. साताऱ्याला बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे, कराडकरांना कालवडेचं. अहवालात सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या आसपास आणि क्षारता १ च्या आत असली की बागेला उत्तम. आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू आठपर्यंत जातो, त्याने घाबरून जाऊ नका.

गोडोलीकरीण

मेथी दोन्ही कुंड्यांत सारखी आली! ॲसिडने अगदी किंचित फसफसलं. बरणीत चिकण थर निम्म्यापेक्षा कमी. तपासणीचा अहवाल यायचा आहे, पण दादांना हो सांगितलं. परवान्याचं त्यांनी तलाठ्यांकडे विचारलं आणि रीतसर पावती करून देणार आहेत. दोन खेपा.

आता पसरण्याबद्दल सांगा. मुरमावर तशीच टाकायची का?

निवृत्त_ओव्हरसियर

नाही. आधी राडारोडा वेचून बाहेर. सिमेंट आणि प्लास्टरमधला चुना मातीचा सामू वाढवतो, त्यामुळे 'खाली गाडून टाकू' असं मजूर म्हणाले तरी ऐकू नका. मग मुरूम टिकावाने वीतभर खणून मोकळा करा. वाहनांनी दाबून दाबून त्याची फरशी झालेली असते. तिच्यावर माती टाकली तर पावसात पाणी खाली जात नाही, मधल्या सांध्यात साठतं. खणल्यावर पहिला दोन इंचांचा थर मुरमात मिसळा, बाकीची वर.

माती कोरडी असतानाच आणा. ओली काळी माती फावड्याने पसरली की लोणी लावल्यासारखी दबते आणि वाळून वीट होते. वळीव झाला असेल तर मधे काही दिवस ऊन पडू द्या. रस्त्यावर ढीग लागणार असेल तर खाली ताडपत्री आणि वर ताडपत्री, आणि गटाराची जाळी मोकळी ठेवा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर बरं.

कास_रोडवाला

शेणखत हातात घेऊन बघा. शेणाचा वास येत असेल, आत गरम लागत असेल तर अजून कुजायचं आहे. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) स्वस्त मिळते आणि चांगली असते, पण ताजी मळी तापते, रोपं जळतात. ढीग करून दोन-तीन महिने कुजवा, मगच वाफ्यात.

हरिपूरकर

माती पसरली की हिरवळीची लादी लगेच टाकायची का? आमच्या शेजारी टाकली आणि महिन्याभरात त्यातून गाजर गवत वर आलं.

वाळव्याचा_शेतकरी

म्हणूनच लगेच टाकायची नाही. मातीत तणाचं बी असणारच, कितीही चांगली असू दे. पसरून, सपाट करून पाणी मारा, किंवा वळवाचं पाणी मिळालं तर उत्तम. दोन-तीन आठवड्यांत जे उगवेल ते मुळासकट उपटा, गाजर गवत फुलावर यायच्या आत आणि हातमोजे घालून, त्याने काहींच्या अंगाला खाज सुटते. पुन्हा पाणी, पुन्हा उपटणं. तेवढ्या वेळात माती बसते आणि खळगे दिसायला लागतात. म्हणून ताई, दुसऱ्या खेपेतली आठ-दहा घमेली बाजूला झाकून ठेवा, खळगे भरायला लागतील. पाऊस लागला की मग हिरवळ. भाजीचे वाफे मात्र तण एकदा काढलं की लगेच लावले तरी चालतील, तिथे खुरपं फिरतच असतं.